लांब राइडला चवडा बधिर होतो: क्लीट मागे घ्यावी की शूजच बदलावेत?

दोनशेचा_नाद

नमस्कार मंडळी. जानेवारीत २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे. १३ तास ३० मिनिटांची मर्यादा दमाच्या हिशेबाने जमेल, पण पाय साथ देत नाहीत. साधारण ४० ते ४५ किमीनंतर, म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास, उजव्या चवड्याला आधी मुंग्या येतात. मग मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, करंगळीकडचं बोट बधिर होतं. आणखी दहा किमी गेलं की चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होते. डाव्या पायालाही होतं, पण उशिरा आणि कमी. थांबून शूज काढले की पाच मिनिटांत बरं वाटतं, पुन्हा निघालं की वीस मिनिटांत तेच. चढावर लवकर सुरू होतं. राइड नसते त्या दिवशी पायाला काहीही त्रास नाही.

विचारलं जाईल म्हणून सगळं एकदम देतो. वय ४६, वजन ७८ किलो. रोड बाइक, क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिमी, पुढच्या चकत्या ५०/३४ दात्यांच्या, मागे ११ स्पीडची ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच). एसपीडी-एसएल पेडल (शूज अडकवायची), पिवळ्या क्लीट (शूजच्या तळाला बोल्टने बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा). शूज शिमानोचे, ४२ नंबर, नेहमीच्या रुंदीचे. पायाची आतली उंची (भिंतीला टेकून, दोन पायांमध्ये पुस्तक धरून मोजलेली) ८१ सेमी. सीटची उंची, बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक जिथे फिरतो त्या सांध्याच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत, ७३.५ सेमी. केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) सपाटीवर ७०, घाटात ५५ ते ६०.

दुकानात सांगितलं कार्बन सोलचे शूज घ्या. एका ग्रुपवर सांगितलं क्लीट मागे घ्या, दुसऱ्या ग्रुपवर जाड इनसोल टाका. सुरुवात कुठून करावी, कोणत्या क्रमाने आणि किती मिमी, हे कुणी नीट सांगेल का?

मापात_पाय

तूर्त काहीही विकत घेऊ नका. आधी एक तपासणी करा. शूजमधला सुटा सोल (इनसोल) बाहेर काढा, फरशीवर ठेवा आणि त्यावर अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. चवडा सोलच्या कडेबाहेर येतोय का ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, कारण स्वतः वाकून बघितलं की वजन टाचेवरून सरकतं आणि चित्र बदलतं. करंगळीच्या बाजूने ३-४ मिमी जरी बाहेर आलं असेल तरी शूज अरुंद आहेत असं धरा. शूजचं वरचं आवरण तेवढा भाग आत ढकलणार, आणि बोटांच्या हाडांमधून जाणाऱ्या नसा चेपल्या जाणार.

हे संध्याकाळी करा, शक्यतो दिवसभर उभं राहिल्यावर. पाय दिवसभरात सुजतो आणि राइडमध्ये तर आणखी सुजतो. सकाळी सातला मोजलेला पाय आणि दुपारी बाराला ८० किमी झालेला पाय यांचं माप एक नसतं. दुकानात शूज घालून बघायचे तेही संध्याकाळी, आणि जे मोजे घालून चालवता तेच घालून.

मग कागदावर माप घ्या. टाच भिंतीला टेकवा, पेन अगदी उभं धरा (तिरकं धरलं तर ४-५ मिमीची चूक सहज होते), सर्वांत पुढे असलेल्या बोटाच्या टोकाशी खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी, दोन्ही इथे लिहा, मग नंबराचं बोलू.

तोवर स्ट्रॅपची सवय बदला. बोटांजवळचा स्ट्रॅप फक्त मिटलेला राहील इतपत, मधला बेताचा, घोट्याजवळचा काय तो घट्ट. शूज पायात धरून ठेवण्याचं काम टाच आणि घोट्याजवळचा भाग करतो. चवड्यावर आवळून काहीच मिळत नाही, उलट सुजायला जागा राहत नाही. साधारण तासाभराने आणि मोठ्या चढाआधी आणखी एक खाच सैल करा. गोल चकती फिरवून आवळायचे शूज असतील तर सायकल चालवता चालवता दोन टिकटिक मागे. मोजे पातळ, सिंथेटिक, बोटांवर जाड शिवण नसलेले. सुती जाड मोजे घामाने भिजून फुगतात आणि उरलीसुरली जागाही खातात.

स्पॅनर_चार

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. त्याच्या जोडीला सीट बघा, कारण तुमचा आकडा मला खटकतोय.

८१ सेमीला ०.८८३ ने गुणलं तर ७१.५ येतं. हे सूत्र अंतिम नाही, पेडल आणि शूजच्या जाडीप्रमाणे काही मिमी इकडेतिकडे होतं, पण तुमची सीट त्याहून २ सेमी वर आहे. एवढा फरक सोलच्या जाडीने भरून निघत नाही. सीट उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही, मग टाच वर उचलली जाते आणि बोटं खाली रोखली जातात. बॅलेरिनासारखं पाऊल. अशा वेळी सगळा जोर चवड्याच्या हाडांच्या डोक्यांवर येतो आणि पाय शूजमध्ये पुढे सरकून बोटंही दाबली जातात. पोटरीत लवकर गोळे येणं आणि मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवी डुलताना दिसणं, ही त्याची आणखी दोन लक्षणं.

पडताळा असा घ्या. सायकल ट्रेनरवर (घरात जागेवर चालवायच्या स्टँडवर) ठेवा किंवा भिंतीला हात टेकून बसा. शूज घालून टाच पेडलवर ठेवा आणि उलटं पेडल मारा. क्रँक सीट ट्यूबच्या रेषेत खाली आली की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कंबर हलता कामा नये. टाच पेडलवरून सुटत असेल तर सीट उंच आहे. खाली घेताना एकदम २ सेमी नको. ५ मिमी घ्या, दोन राइड करा, पुन्हा ५ मिमी. सीटपोस्टवर आधी इन्सुलेशन टेपची पट्टी लावून ठेवा म्हणजे मूळ जागा हरवत नाही. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीजवळ दुखायला लागलं तर गरजेपेक्षा खाली गेलात, ३ मिमी परत वर.

आता क्लीट. ग्रुपवर मिळालेला सल्ला चूक नाही, पण नुसतं मागे घ्या म्हणणं पुरेसं नाही.

शूज घालून, स्ट्रॅप लावून उभे राहा. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे हाड बाहेर येतं ते शूजवरून चाचपा, त्यावर मास्किंग टेप चिकटवून पेनाने रेघ मारा. तसंच करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूचं हाड. ही दुसरी रेघ पहिलीच्या बरीच मागे येईल, तसंच असतं. शूज काढा, दोन्ही रेघा पट्टी धरून सोलखाली आडव्या उतरवा. तुमच्या क्लीटच्या कडेला एक बारीक खूण असते, ती पेडलच्या आसाची जागा. नेहमीच्या चालवण्याला ती खूण दोन रेघांच्या बरोबर मध्ये असली तर चालते. चवडा बधिर होणाऱ्यांनी ती मागच्या रेघेकडे, म्हणजे करंगळीच्या हाडाच्या रेघेपर्यंत न्यावी. आस चवड्याच्या मागे गेला की जोर कमानीकडे वाटला जातो आणि पोटरीचं कामही हलकं होतं.

सैल करण्याआधी क्लीटभोवती परमनंट मार्करने बाह्यरेषा काढा, पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंनी. हे वगळलं की काही बिघडल्यावर परत कुठे यायचं ते कळत नाही. बोल्टच्या डोक्यातली माती टाचणीने पूर्ण काढा, मगच ४ मिमीची ॲलन की आत घाला. की अर्धवट बसली की डोकं गोल होतं आणि मग बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो. आट्यांना ग्रीस लावा. पहिल्या वेळी ४ ते ५ मिमी मागे, त्याहून जास्त नको. फक्त मागे सरकवा, कोन बदलू नका. ५ ते ६ न्यूटन-मीटरने आवळा. टॉर्क रेंच नसेल तर छोट्या ॲलन कीच्या आखूड बाजूला धरून हाताने जेवढं घट्ट होईल त्याच्या किंचित पुढे. तिन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे.

क्लीट ५ मिमी मागे गेली की पाऊल पेडलवर पुढे गेलं, म्हणजे पाय आखूड पडला. म्हणून सीट आणखी १ ते २ मिमी खाली. आणि निघण्याआधी एक गोष्ट जरूर बघा: पेडल पुढे आडवं ठेवून हँडल पूर्ण वळवा. शूजचं टोक पुढच्या चाकाला लागत असेल तर सिग्नलला किंवा यू-टर्न घेताना पडायची वेळ येते. ५२ सेमी आणि त्याहून लहान फ्रेमवर हे बऱ्याचदा होतं.

सगळं एकाच दिवशी बदलू नका. आधी स्ट्रॅप आणि सीट, मग क्लीट. प्रत्येक वेळी तोच ५० किमीचा रस्ता, तेच मोजे, आणि मुंग्या किती मिनिटांनी सुरू झाल्या तो आकडा वहीत लिहा. त्याशिवाय कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दोनशेचा_नाद

खूप आभार. मापं संध्याकाळी सातला घेतली. डावा पाय लांबी २६.३ सेमी, रुंदी १०.२. उजवा लांबी २६.८, रुंदी १०.५. सोलवर उभं राहिल्यावर उजवा चवडा करंगळीकडून ५ मिमी बाहेर, डावा २ मिमी.

टाचेची चाचणीही केली. टाच पेडलवर पोचतच नाही, कंबर डावीकडे झुकवावी लागते. क्लीटच्या खुणा केल्या: सध्या आस अंगठ्याच्या हाडाच्याही ३ मिमी पुढे आहे.

मापात_पाय

मग बरंचसं उत्तर तुमच्या कागदावरच आलं. शिमानोच्या तक्त्यात ४२ म्हणजे २६.५ सेमी आणि ४३ म्हणजे २७.२. तुमचा उजवा पाय ४२ मध्ये मावतच नाही. मोठ्या पायाच्या मापाचे शूज घ्यायचे असतात, त्यामुळे ४३. लहान पायाकडे जागा उरली तर त्या बाजूला थोडा जाड इनसोल टाकून भागतं. उलटं, म्हणजे मोठ्या पायासाठी शूज ताणणं, कडक सोलच्या शूजमध्ये जमत नाही.

पण नुसता नंबर वाढवून रुंदी मिळवायचा मोह नको. लांबी वाढली की चवड्याचा रुंद भाग शूजच्या रुंद भागावर येत नाही, पाय पुढेमागे सरकतो आणि टाच सुटते. त्याच नंबरात वाइड मागा. शिमानोच्या काही मॉडेलमध्ये वाइड येतं, लेक या कंपनीचे रुंद शूज प्रसिद्ध आहेत. ४३ साधा आणि ४३ वाइड दोन्ही घालून बघा. शूज घालून दहा मिनिटं उभं राहायचं, बोटं आत पियानो वाजवल्यासारखी एकेक हलली पाहिजेत. हलत नसतील तर तो जोड परत ठेवा, वापरून सैल होईल यावर विसंबू नका. चामडं थोडं सैलावतं, आजकालचं सिंथेटिक आवरण जवळपास नाही.

कार्बन सोलबद्दल: कडक सोल जोर पसरवतो हे खरं, पण तो शूजच्या आतली जागा वाढवत नाही. अरुंद कार्बन शूज अरुंदच राहणार. आणि कडक सोलमध्ये कमानीला आधार नसेल तर सगळं वजन चवड्यावरच येतं. तुमच्या बाबतीत तो खर्च आत्ता नको.

घाटवाट

चढावर लवकर होतं असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. ५५ ते ६० च्या केडन्सवर सिंहगड किंवा दिवे घाट चढताना प्रत्येक पेडलला पायावर पडणारा जोर फार मोठा असतो. मेहनत तेवढीच असेल तर केडन्स जितका कमी, तितका प्रत्येक पेडलचा जोर जास्त. हा हिशेब कागदावर मांडण्यासारखा आहे.

७००×२५ चं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. तुमच्या सर्वांत हलक्या गिअरला, ३४ पुढे २८ मागे, एका पेडल-फेऱ्यात २.५५ मीटर. घाटात ताशी ९ किमी म्हणजे मिनिटाला १५० मीटर, म्हणजे केडन्स ५९. म्हणजे तुम्ही मुद्दाम जड गिअर दामटत नाही, हलका गिअर सायकलवर शिल्लकच नाही. मागे ३४ दात्यांची चकती असती तर त्याच वेगाला केडन्स ७१ झाला असता आणि पेडलवरचा सरासरी जोर साधारण १७ टक्के कमी. २०० किमीत पेडल हजारो वेळा फिरतं, तिथे १७ टक्के हा मोठा आकडा आहे.

कॅसेट बदलण्याआधी मागचा डिरेल्यर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बघा. उदाहरणार्थ १०५ आर७००० मध्ये आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) ३० पर्यंत चालतो, मध्यम पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. आखूड असेल तर ११-३० वर थांबा, तरी केडन्स ६३ होईल. ३४ ची कॅसेट घातली तर चेन बहुधा लांब लागेल. जुनी चेन तशीच ठेवून चुकून पुढे ५० आणि मागे ३४ वर गेलात तर डिरेल्यर तुटतो. आणि शिमानोची एचजी८०० ही ११-३४ कॅसेट ११ स्पीडच्या हबवर बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडं) लागतो. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट जागी धरणारी रिंग) आवळूनही कॅसेट खुळखुळते.

चालवण्यातही बदल करा. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक गिअर जड करून उभं राहा, पंधरा-वीस पेडल मारा, पुन्हा बसा. उतारावर पेडल आडवी ठेवून टाचा खाली सोडा आणि बोटं ताणा. पेडल तळाशी आलं की खाली दाबत राहू नका. दाराशी पायपुसण्यावर चिखल पुसतो तसं पाऊल मागे ओढा. तळाशी दिलेला जोर सायकलला पुढे नेत नाही, तो फक्त चवड्याला सोसावा लागतो.

पाऊलखूण

फिजिओच्या नजरेने थोडी भर घालते. पाऊल बधिर झालं एवढं पुरेसं नाही, नेमका कोणता भाग, यावरून पुष्कळ कळतं.

दादा, तुमची मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट ही जोडी नेहमी आढळणारी आहे. बोटांकडे जाणाऱ्या नसा चवड्याच्या लांब हाडांच्या मधून जातात, आणि या दोन बोटांच्या फटीत दोन वेगळ्या नसांच्या फांद्या एकत्र येतात. बाजूंनी शूज आणि खालून पेडल, असं दोन्हीकडून चेपलं की तिथे आधी जाणवतं. वर्षानुवर्षं चेपत राहिलं तर नसेभोवतीचं आवरण जाड होतं, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. घरी बघायचं असेल तर एका हाताने चवडा दोन्ही बाजूंनी दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळांमधल्या फटीत तळव्याकडून दाबा. बोटांत वीज गेल्यासारखी कळ आली किंवा आत काहीतरी टिचकन सरकलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, शूज बदलून थांबू नका.

पावलाच्या वरची बाजू किंवा अंगठा आणि दुसऱ्या बोटामधली फट बधिर होत असेल तर क्लीटशी त्याचा संबंध सहसा नसतो, वरचा स्ट्रॅप किंवा लेस घोट्याच्या पुढे नसेवर बसलेली असते. लेसचे शूज असतील तर दुखऱ्या जागेवरची तिरकी फुली सोडून द्या, त्या दोन भोकांतून लेस सरळ वर न्या.

मांडीच्या मागून किंवा कमरेतून मुंग्या खाली येत असतील तर मूळ पाठीत असू शकतं. पाचव्या लंबर नसेचं दुखणं पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्याकडे उतरतं, पहिल्या सेक्रल नसेचं बाहेरच्या कडेने करंगळीकडे. अशा वेळी पाऊल कितीही सांभाळलं तरी फरक पडत नाही.

दोन्ही पाय सारखेच, मोजे घातल्यासारखे बधिर, रात्री झोपेतही, सायकल चालवो न चालवो, असं असेल तर आधी रक्त तपासा. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) आणि बी१२. आपल्याकडे शाकाहारी मंडळींमध्ये बी१२ ची कमतरता खूप दिसते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ती आणखी वाढते. तपासणीआधी स्वतःच्या मनाने बी१२ च्या गोळ्या सुरू करू नका, त्याने रक्तातला आकडा वाढतो आणि खरी परिस्थिती कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी राइडनंतर मोजे काढून तळवे आरशात बघावेत. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.

आणि जोर लावल्यावर एकच पाय मांडीपासून निर्जीव होतो, थांबलं की काही मिनिटांत ठीक, असं वारंवार होत असेल तर कमरेतून पायात जाणाऱ्या धमनीची तपासणी करून घ्या, बरीच वर्षं खूप चालवणाऱ्या सायकलपटूंमध्ये तो आजार आढळतो. पाऊल वर उचलता येईना झालं, किंवा जांघेचा-बैठकीचा भाग बधिर होऊन लघवीला अडथळा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. राइड नसताना पाय पूर्ण ठीक आहे ही चांगली गोष्ट आहे.

हायब्रिडवाली

मध्येच विचारते, क्षमा असावी. आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणी पुण्याहून पंढरपूरला सायकलने जाणार आहेत. सगळ्यांच्या हायब्रिड, साधी पेडल आणि रनिंग शूज. चवडा आमचाही बधिर होतो. क्लीट घ्यायलाच हव्यात का?

स्पॅनर_चार

नाही. साध्या पेडलवर तर पाऊल हवं तिथे ठेवता येतं, तो फायदाच आहे. अडचण रनिंग शूजची आहे. त्यांचा फोमचा तळ पेडलवर दबतो आणि पाऊल पेडलच्या कडेभोवती वाकतं, म्हणजे सगळं वजन पेडलच्या दोन लोखंडी कडांवर. सपाट, कडक तळाचे शूज वापरा. शूज टोक आणि टाच धरून वाकवून बघा, सहज दुमडला तर तो नको. पेडल रुंद, साधारण १० सेमी लांब-रुंद, पिना असलेली घ्या. छोट्या पिंजऱ्याची जुनी पेडल बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. डावीकडचं पेडल घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. आटे साफ करून ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे हातानेच द्या. पान्याने तिरकं घुसवलं तर क्रँकचेच आटे जातात.

पाऊल ठेवताना आस चवड्याच्या थोडा मागे, कमानीच्या सुरुवातीला ठेवा, आणि दर अर्ध्या तासाने सेंटिमीटरभर जागा बदला. सीट मात्र तुमच्याही तपासा. दुकानातून आलेली सीट सहसा खूप खाली असते, इथे उलटी चूक होते.

दोनशेचा_नाद

दोन आठवड्यांचे आकडे. सीट ७२.३ वर आणली, स्ट्रॅप सैल: मुंग्या १०५ मिनिटांऐवजी १४० मिनिटांनी. क्लीट ५ मिमी मागे, सीट ७२.१: उजव्या पायाला १७५ मिनिटांनी, डाव्याला तीन तासांत नाहीच. ४३ वाइड मागवले आहेत. डिरेल्यर मध्यम पिंजऱ्याचा निघाला.

प्रश्न दोन. उजव्या पायाला उरलेल्या त्रासासाठी चवड्याखाली जेलची गादी टाकू का? आणि नव्या शूजवर क्लीट कुठे लावू?

पाऊलखूण

गादी चवड्याखाली टाकू नका. अरुंद जागेत आणखी जाडी आली की दाब वाढतो. तुम्हाला हवा आहे तो मेटाटार्सल पॅड, थेंबाच्या आकाराचा, ऑर्थोपेडिक वस्तूंच्या दुकानात मिळतो. तो चवड्याच्या हाडांच्या मागे बसतो आणि हाडांना किंचित उचलून एकमेकांपासून फाकवतो, त्याने नसेला जागा मिळते. जागा चुकली तर त्रास दुप्पट होतो, म्हणून नेमकी जागा अशी काढा. दुखऱ्या फटीच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची डोकी तळव्यावरून चाचपा, त्यावर ओलं कुंकू लावा, मोजा न घालता शूजमध्ये पाय घालून उभे राहा आणि जपून बाहेर काढा. इनसोलवर ठसा उमटेल. पॅडची रुंद पुढची कड त्या ठशाच्या ५ ते १० मिमी मागे यायला हवी, ठशावर नाही. आधी कागदी टेपने चिकटवा, घरात अर्धा तास चाला. तळव्याखाली गोटी असल्यासारखं सौम्य जाणवलं तर बरोबर, टोचलं तर अजून ३ मिमी मागे. सर्वांत पातळ पॅडपासून सुरुवात करा.

पण हे नवे शूज आल्यावर. रुंदीनेच भागलं तर पॅडची गरज पडणार नाही.

स्पॅनर_चार

जुन्या शूजवरच्या रेघांचं माप नव्यावर उतरवू नका, टाचेचा आकार आणि सोलची लांबी दोन्ही बदलतात. नव्या शूजवर हाडं पुन्हा चाचपा, टेप पुन्हा लावा, आणि आस थेट करंगळीच्या हाडाच्या रेघेवर घ्या. सोलच्या खाचेत तेवढं मागे जात नसेल तर आतला इनसोल उचलून बघा, शिमानोच्या काही शूजमध्ये बोल्ट ज्या पट्टीत बसतात ती पट्टीही मागे सरकते. सोलची जाडी वेगळी असेल तर टाचेची चाचणी पुन्हा.

जुन्या क्लीटचे पिवळे रबरी भाग झिजून सपाट झाले असतील तर नव्या शूजवर नव्याच लावा. झिजलेली क्लीट पेडलमध्ये डुलते आणि जोर एकाच कडेवर येतो. पहिल्या ५० किमीनंतर सहाही बोल्ट एकदा तपासा, नवी क्लीट बसताना थोडी दबते आणि बोल्ट सैल पडतात. बीआरएमच्या दिवशी ४ मिमीची की सीटबॅगच्या तळाशी नको, जर्सीच्या खिशात ठेवा.

घाटवाट

कॅसेट बदलणार असाल तर बीआरएमच्या किमान तीन आठवडे आधी. आणि ती बसवल्यावर पहिला घाट रिकाम्या रस्त्यावर, सकाळी लवकर करा. ३० वरून ३४ वर जाताना चेन चढायला जरा वेळ लागतो. बधिर पायाने क्लीट सोडवायलाही उशीर होतो, त्यामुळे मागे वाहनं नसतील अशाच जागी गिअर नीट लागतात का ते बघून घ्या.